गोबऱ्याचं घर

मालवणच्या समुद्रात बुडी मारलेल्या हेमांगीला ओळखीचा गोबरा मासा दिसला, पण कुणीतरी टाकून दिलेल्या जाळ्यात अडकलेला. वर्षानुवर्षं पर्यटकांना ती हाच मासा कौतुकाने दाखवत आली होती. तिने वर जाऊन होडीतल्या नवऱ्याकडून सुरी आणली आणि एकेक धागा कापला.

गोबरा सुटला आणि थेट खडकातल्या आपल्या कपारीकडे गेला. पण कपारीच्या तोंडावर परक्या समुद्रातून आलेलं पांढरं प्रवाळ गच्च माजलं होतं. दोनदा धडकून तो माघारी वळला आणि त्याच जाळ्याच्या आडोशाला जाऊन थांबला.

ती होडीत चढताना नवऱ्याने हात देत विचारलं, "गोबरो सुटलो काय गो?"

"सुटलो. पण तो जातलो खंय?" ती म्हणाली. "हवेची दुसरी टाकी दी. पटाशी आणि प्रवाळ भरूक पिशवी पण. तेचा घर मोकळा करूचा आसा."