व्हिएन्नाचं मावंदं

“आणि मग तो वेटर काय म्हणाला?” दिलीपरावांनी पुरीचा घास हातातच ठेवून विचारलं.

“म्हणणार काय! आधी लांबूनच वास घेतला त्यानं. आमच्या शर्वरीनं पर्समधून डबी काढली होती, लसणाच्या चटणीची. मी म्हटलं, घे बाबा, चाख. चाखली पठ्ठ्यानं! डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तरी आणखी मागतोय!”

सगळी पंगत खो खो हसली. तूप वाढणाऱ्या मंदाकिनीबाईही हसल्या. डबी त्यांच्या पर्समधली होती, लेकीच्या नव्हे. पण एवढंतेवढं चालायचंच. नवरा न अडखळता बोलतोय, लेकीचं नाव बिनचूक घेतोय, आणखी काय हवं?

भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या त्या घरात आज मावंदं होतं. दिलीपरावांच्या बायकोनं, रत्नप्रभावहिनींनी, फोनवरच टोकलं होतं, “अगं मंदा, काशीहून आल्यावर मावंदं घालतात. व्हिएन्नाहून आल्यावर कुणी घातलेलं ऐकलं नाही बाई!”

“मग आता ऐक, आणि जेवायलाही ये,” मंदाकिनीबाई म्हणाल्या होत्या. “यात्रा करून आलेल्यानं चार माणसांना जेवू घालायचं आणि यात्रा सांगायची. हे सांगणार आहेत.”

हे सांगणार आहेत, एवढ्यासाठीच तर सगळा घाट होता.

मनोहररावांची विसराविसरी सुरू होऊन दोन वर्षं होत आली होती. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं. एकदा दस नंबरच्या बाजारात दूध आणायला गेले, ते थेट संध्याकाळी कुणा रिक्षावाल्यानं त्यांना घरी आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले होते, जे जाईल ते परत येणार नाही, औषधानं फक्त वेग कमी होईल. तो वेगही काही कमी होत नव्हता. मंदाकिनीबाईंना संताप यायचा. कुणावर, ते त्यांनाही कळायचं नाही. शेवटी त्या हट्टालाच पेटल्या. जन्मभर ज्या शहराबद्दल हे वाचत आले, तिथे ह्यांना न्यायचं. एक तरी गोष्ट ह्यांच्याजवळ शेवटपर्यंत राहिली पाहिजे.

“आई, नवीन असतं तेच आधी पुसलं जातं,” शर्वरीनं समजावलं.

“मी नाही पुसू देणार.”

मग सगळेच गेले. दोघं नवराबायको, शर्वरी आणि तिची मुलगी मधुरा. राजवाडा झाला, आकाशपाळणा झाला, घोड्यांची बग्गी झाली. कॉफीहाऊसात बसून सफरचंदाचं स्ट्रूडेल खाल्लं. मंदाकिनीबाईंनी मात्र व्हिएन्ना पाहिलं ते मोबाइलमधूनच. अहो, बग्गीला टेकून उभे राहा. मधुरा, आजोबांच्या शेजारी बस. शर्वरी, तू पलीकडे. हसा.

“आण तो फोन इकडे. तूही ये ना एखाद्या फोटोत,” शर्वरी म्हणायची.

“मला कशाला? मला राहील लक्षात. ह्यांना लागणार आहेत हे फोटो.”

आणि लागलेच. भोपाळला परतल्यावर रोज संध्याकाळी चहा झाला की टीव्हीवर फोटो. हे कुठलं? राजवाडा. शेजारी कोण? मधुरा. इथे काय खाल्लं होतं? सुरुवातीला मनोहरराव चुकायचे, चिडायचे, एकदा रिमोटच भिरकावला. मंदाकिनीबाईंनी तो उचलला आणि पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरुवात केली. बाकीचं गळतच होतं. शेजाऱ्यांची ओळख गेली, आंघोळ झाली की नाही तेही आठवेना. व्हिएन्ना मात्र बसत गेलं. आणि एका संध्याकाळी टीव्ही लावायच्या आधीच त्यांनी सगळी सहल ओळीनं सांगितली, बग्गीच्या घोड्यांच्या रंगासकट. मंदाकिनीबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि तिथेच बसून पोटभर रडल्या. दुसऱ्या दिवशी मावंद्याचे फोन केले.

आज मनोहरराव खरंच रंगात आले होते. आकाशपाळणा वर जाऊन थांबला तेव्हा मधुरा कशी किंचाळली, त्याची त्यांनी नक्कल केली. राजवाड्यात खोल्या किती, म्हणून शर्वरीनं कंटाळून कसं विचारलं, तेही सांगितलं.

“क्या बात है, मनोहर!” दिलीपराव इंदूरचे, त्यांची दाद हिंदीतच. “यार, मैं तो घर बैठे घूम आया!”

रत्नप्रभावहिनींनी मंदाकिनीबाईंना कोपरानं ढोसलं. “जिंकलीस गं बाई,” त्या हळूच म्हणाल्या.

मंदाकिनीबाईंनी मान हलवली आणि श्रीखंडाचं भांडं उचललं.

नवऱ्याच्या पानाशी त्या वाढायला वाकल्या, तसा मनोहररावांनी त्यांचा हात धरला. भर पंगतीत, चारचौघांसमोर, कधी नव्हे तो. त्यांचे डोळे भरून आले होते. कितीतरी दिवसांत त्यांनी बायकोकडे असं ओळखून पाहिलं नव्हतं.

“सगळं मनासारखं झालं बघ, दिलीप,” ते म्हणाले. “फक्त हिला न्यायला हवं होतं रे. आम्ही सगळे तिकडे मजा करत होतो, आणि ही बिचारी इथे एकटीच राहिली.”