विरोध एक

काठीचा पहिला फटका बसला तेव्हा बिभीषण मेंढ्यांना पाणी पाजत होता.

"दाजी! आवो, काय केलं म्या?"

शहाजीनं काठी पुन्हा उगारली. दुसरा फटका मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

सदस्य ३१२. विरोध १.

चार महिन्यांपूर्वी शहाजीनं मोबाइलवर मेंढपाळांचा ग्रुप काढला होता. रोग, औषधं, टेंभुर्णीच्या बाजाराचे भाव, सगळं तोच लिही. लोक त्याला मास्तर म्हणू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच.

मजकुराखाली दोन अंगठे असत. वरच्यापुढे पसंतीचा आकडा चढत जाई. खालचा नुसताच, दाबेपर्यंत आकडा नाही. विरोधात किती, ते बघायला शहाजी तो दाबी.

एक. दर वेळी एक.

"एकानं काय हुतंय?" बायको मायाक्का म्हणाली.

"तीनशे दिसत न्हाईत मला. ह्यो एकच दिसतो."

सदस्य १४०. विरोध १.

कधी ना कधी उलट बोललेले सगळे त्यानं काढून टाकले. बाळासोनं लिहिलं होतं, मास्तर, जंताचं औषध एवढं पाजलं तर मेंढरू मरंल. शहाजीनं त्याला भर बाजारात गाठलं. दोन दात पाडले.

सदस्य ९. विरोध १.

मैंदर्गीच्या चन्नप्पाचं डोकं फुटलं. सात टाके.

"मी तुमचं वाचत पन न्हाई हो," तो रक्त पुसत म्हणाला. त्याबद्दल आणखी एक लाथ.

सदस्य २. विरोध १.

उरला बिभीषण. मायाक्का दारात आडवी आली.

"माजा पाठचा भाऊ हाय त्यो. हात लावला, तर मी ह्या घरात ऱ्हात न्हाई."

शहाजीनं तिला ढकललं. तिचं कपाळ चौकटीवर आपटलं. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

आता बिभीषण मोडका हात पोटाशी धरून चिखलात बसला होता.

"मी वरचाच दाबतो की, दाजी. दर टायमाला."

"आन मग खालचा."

"आईशप्पत न्हाई!"

शहाजीनं त्याचा मोबाइल दगडावर ठेवून ठेचला. मग आपला काढला आणि बिभीषणला ग्रुपमधून उडवलं.

सदस्य १.

तो हौदाच्या कडेला टेकला. त्यानं लिहिलं, 'आजपासून ग्रुपमध्ये घाण नाही.'

मोबाइल बिभीषणच्या तोंडापुढं धरून त्यानं खालचा अंगठा दाबला.

"बघ. आता बघ की."

एक.

शहाजीनं पुन्हा दाबलं. आकडा गेला.

पुन्हा दाबलं. एक.