कोरडे खड्डे

"प्रस्तावित वसाहतीच्या जागेत पाणथळ जमीन आढळली नाही." बिल्डरचे इंजिनिअर वेंडेल प्रूइट यांनी नगर नियोजन मंडळापुढे आपल्या अहवालातून वाचलेले हे वाक्य इतके स्वच्छ होते, की त्याला चिखल कधी शिवलाच नसावा. गावातर्फे तो अहवाल तपासणाऱ्या एनिड थॉर्सन मात्र थेट त्या जागेवरून आल्या होत्या. त्यांचे गमबूट अजून ओले होते. आज होकार मिळाला, की त्या दलदलीत तळघरांसकट घरे उभी राहणार होती.

"वेंडेल, तिथली पाणकणसं माझ्या खांद्याला लागतात."

"गवत काय, कुठेही उगवतं बाई."

"आणि बेडूक?"

"पाहुणे असतील."

सभागृह हसले. एनिड यांना त्या हसण्याचीच चीड आली.

"माती तपासायला खणलेले तुमचे सगळे खड्डे उंचवट्यावरच कसे?"

प्रश्न फारच बाळबोध वाटल्यासारखे वेंडेल समजुतीच्या सुरात म्हणाले, "खालीही खणले होते की. पण खणला रे खणला की खड्डा पाण्याने भरायचा, माती दिसायचीच नाही. म्हणून ते अहवालात धरले नाहीत."