ओटीचा नारळ

दवाखान्याच्या बाकावर सुभद्राबाई ताठ बसली होती. ठेवणीतलं हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी. पिशवीत नारळ, खण, कुंकवाचा करंडा. लेकासाठी मुलगी पाहायला जायचं म्हणजे रिकाम्या हाताने थोडंच जातात?

मुलीची मावशी इथे नर्स आहे, आधी तिला भेटू, असं श्रीरंगने घरून, पांडेसऱ्याहून रिक्षात बसताना सांगितलं होतं. पोटच्या पोराचं बोलणं कुणी तागडीत घालून बघत नाही. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिने नीट वेणी घातली होती.

डॉक्टरीणबाई गुजराती होत्या. जमेल तशी मराठी बोलत.

"मासी, तुमी खुशीने आले ने?"

"खुशीनंच की. अशा कामाला नाखुशीनं कोण येतं?"

डॉक्टरीणबाई हसून फोनकडे वळल्या. वेड्यांच्या इस्पितळांसाठी नवा कायदा आल्यापासून पेशंट राजीखुशीने आला तर त्याची स्वतःची सही पुरत होती. नाहीतर मॅजिस्ट्रेटचा हुकूम, आणि मग चार लोकांत बोभाटा. कायदा पेशंटच्या भल्यासाठी केलेला होता. त्यातून वाट काढायला डोकं लागतं, ते श्रीरंगला होतं.

"आत जायला नाव लिहून द्यावं लागतं, माय," त्याने कागद पुढे सरकवला.

"अंगठा नाही, सही करते," ती ऐटीत म्हणाली. ही सही त्यानेच तिचा हात धरून शिकवली होती.

सही वाळते न वाळते तोच आया आली. "बांगड्या आणि पिशवी लेकाकडे द्या. वॉर्डात चालत नाही."

"वॉर्डात?"

श्रीरंग भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. गेले चार महिने सुभद्राबाईची झोप उडाली होती, एकदा पेटता स्टोव्ह तसाच टाकून ती रेल्वेच्या रुळांपर्यंत चालत गेली होती. पण अक्कल कुठे गेली नव्हती.

"मीच म्हणले होते ना तुला, मला कुणाला तरी दाखव? दोनदा म्हणले. तवा तू भगताचा दोरा आणलास."

डॉक्टरीणबाईंनी फोन ठेवला. त्यांना सगळं कळलं. "मासी, तुमाला राहायचा नाय तर मी ठेवणार नाय. हा कागद आत्ता फाडते."

श्रीरंग खाली वाकून पुटपुटला, "माय, रविवारी बमरोलीहून मुलीकडचे पाहुणे येणार आहेत. घर बघायला."

म्हणजे मुलगी खरी होती. फक्त ती पाहायला आई नको होती. ज्याच्यासाठी सुभद्राबाई नटून आली होती, त्यानेच तिला घरातून वजा केलं होतं. एक शब्द बोलली असती तर ती आत्ता घरी गेली असती, आणि रविवारी दारातही उभी राहिली असती.

तिने कागदावरच्या सहीवरून बोट फिरवलं.

"फाडू नका, बाई," ती म्हणाली. "मला बरं व्हायचंय. आता खुशीनं राहते."

मग तिने एकेक बांगडी उतरवली. पिशवीतला नारळ काढून श्रीरंगच्या हातात दिला.

"तिच्या ओटीत घाल. पण तिला खोटं सांगून घरी आणू नको."