पांढरी फुंकर

लांडगा चावला तसा कुलूपवाला खुर्चीत मागे सरकला, जणू लांडगा पडद्यातून बाहेरच येणार होता. खेळातला त्याचा शिपाई विहिरीच्या कठड्याला टेकून रक्त गाळत होता. बाकीचे खेळाडू त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता पुढे पळाले. तेवढ्यात पाणक्या नावाचा खेळाडू आलाच. निळा झगा, हातात बादली. रोज संध्याकाळी येई तसा. त्याने तळहात पुढे केला आणि मंत्र टाकला.

ना ठिणग्या, ना चांदण्या. तळहातातून पांढरट वाफ निघाली, जखमेवर पसरली आणि गार काचेवरचा श्वास विरतो तशी कडांकडून विरत गेली. जखम भरली.

कुलूपवाल्याने माउस सोडला. रोज संशय यायचा, आज खात्री पटली: ही फुंकर त्याच्या बायकोचीच होती. आणि तिला जाऊन चार महिने झाले होते.

हा खेळ बनवणाऱ्या कंपनीत ती मंत्रांचे देखावे करायची. मंत्र टाकला की आग कशी दिसावी, वीज कशी पडावी, ते सगळं. जखम भरण्याच्या मंत्रासाठी तिने ही फुंकर केली होती. किल्ल्या घासून घासून कुलूपवाल्याची बोटं सोलून निघत. संध्याकाळी तो घरी आला की ती आधी त्या बोटांवर फुंकर घालायची, मग पाणी द्यायची. त्यावरूनच तिला ते सुचलं होतं.

"बरं होणं कधी चमकतं का रे?" ती म्हणायची.

ऑफिसला ते पटलं नाही. गर्दीत दिसणार नाही म्हणाले आणि हिरव्या चांदण्यांचा पाऊस घेतला. तिची फुंकर बाद झाली. लोकांच्या खेळात ती कधी आलीच नाही.

मग या पाणक्याकडे आली कुठून?

कुलूपवाल्याचा संशय एकाच माणसावर होता. ऑफिसात त्याला सगळे ठिणगी म्हणत, कारण पहिलं वर्षभर त्याने ठिणग्यांखेरीज काही केलंच नव्हतं. बायकोने त्याला हाताला धरून शिकवलं. तो तिला ताई म्हणे आणि याला भाऊजी. ती गेल्यावर थोड्याच दिवसांत तो घरी आला. चहा नको म्हणाला.

"ताईच्या लॅपटॉपवरचं ऑफिसचं सगळं पुसून टाकायला सांगितलंय, भाऊजी."

आणि दार लोटून तासभर आत बसला. पुसायला लागतो का तासभर? बाहेर आला तेव्हा नजर द्यायला तयार नाही.

"खेळ तेवढा ठेवलाय," तो म्हणाला. "खेळत जा अधूनमधून. विहिरीपाशी बरं असतं." तेव्हापासून कुलूपवाला रोज संध्याकाळी त्याच लॅपटॉपवर खेळत होता.

कुलूपवाल्याने जन्मभर लोकांची दारं उघडून दिली होती. दार लोटून बसलेला माणूस आत काय करतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बायको त्याला हसायची. "तुला झोपेतसुद्धा चोरच दिसत असतील," म्हणायची. आता हसायलाही कुणी नव्हतं.

त्याने एकेक अक्षर शोधत पाणक्याला लिहिलं, "हा मंत्र कुठून आणलास?"

"का? नीट दिसतोय ना?"

वर तोंड करून विचारतोय. कुलूपवाल्याचं डोकं सणकलं. "दिसतोय," त्याने लिहिलं.

"मग झालं. भाऊजी, मागे सरका, दुसरा लांडगा आला."

भाऊजी. जगात त्याला असं म्हणणारा एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरावा म्हणून बायकोचा लॅपटॉप पिशवीत घालून तो तिच्या ऑफिसात गेला. तिच्या वरच्या मॅडमनी खुर्ची दिली. तिच्याबद्दल दोन शब्द बोलू लागल्या, ते त्याने ऐकून घेतले नाहीत.

"तुमच्या ठिणगीने माझ्या बायकोचं काम चोरलंय. तुम्ही टाकून दिलेलं, ते. खेळात मिरवतोय."

मॅडम गंभीर झाल्या. "बाद झालेलं असलं तरी ते कंपनीचं आहे. त्यातली एक फाइल जरी बाहेर गेली असेल, तर तो आजच्या आज घरी जाईल. नीट विचार करून सांगताय ना?"

"जाऊ दे घरी."

ठिणगीला बोलावलं. कुलूपवाल्याला पाहून त्याचा चेहरा उतरला. हे कुलूपवाल्याच्या नजरेतून सुटलं नाही.

"विहिरीपाशी फिरणारा पाणक्या तूच का रे?" मॅडमनी विचारलं.

"हो, मॅडम."

"बस त्या मशीनवर. माझ्यावर टाक मंत्र."

मॅडमनी आपल्या पडद्यावर खेळ उघडला आणि खुशाल लांडग्याकडून चावून घेतलं. पाणक्या आला. त्याने तळहात पुढे केला.

मॅडमच्या पडद्यावर हिरव्या चांदण्यांचा पाऊस पडला. ठिणगीच्या पडद्यावरही तोच.

"हे तर आपलंच हिरवं आहे," मॅडम म्हणाल्या.

"असं कसं? मी रोज बघतो. पांढरी वाफ. डोळे फुटलेत का माझे?"

मॅडमचा आवाज मऊ झाला. "अहो, हा फक्त मंत्र टाकतो. तो दिसतो कसा, हे बघणाऱ्याच्या मशीनवर ठरतं. पांढरं दिसायला ती फाइल बघणाऱ्याकडे असावी लागते. शेजारी शंभर जण उभे असले तरी त्या एकट्यालाच पांढरं दिसेल, बाकीच्यांना हिरवं."

बोलता बोलता त्या थांबल्या. त्यांनी ठिणगीकडे पाहिलं.

"ताईच्या लॅपटॉपवरचं सगळं तू पुसून आला होतास ना?"

ठिणगीने मान वर केली नाही. "हो," तो आपल्या बुटांना म्हणाला.

मॅडम कुलूपवाल्याकडे वळल्या. "तुम्ही खेळता कशावर? तिच्याच लॅपटॉपवर?"

कुलूपवाल्याने पिशवी मांडीवर घेतली आणि चेन शेवटपर्यंत ओढून बंद केली.

"छे," तो म्हणाला. "तो तर ती गेल्यापासून उघडलेलाच नाही."