म्हाताऱ्या यंत्राचा मान

बेटावरचं यंत्र जिवंत होतं, पण दार उघडत नव्हतं.

सौमूने पुन्हा हाक धाडली. वारा मोजणाऱ्या त्या यंत्राने ऐकल्याची खूण लगेच दिली. आत घ्यायची वेळ आली की मात्र पडद्यावर तेच वाक्य, जोडणी नाकारली. तारा तपासून झाल्या, मोडेम बंद-चालू करून झाला. कालपर्यंत सगळं सुरळीत होतं. आज सकाळी तिने मच्छीमार संघाच्या कचेरीतल्या संगणकावर नवी प्रणाली चढवली आणि तेव्हापासून हे सुरू. कुठून ही दुर्बुद्धी सुचली, असं तिला झालं होतं.

बाहेर पांगानी नदीचं मुख उन्हात पेंगत होतं. ओहोटीच्या पाण्यावर होड्या तरंगत समुद्राकडे निघाल्या होत्या, झोपेत चालावं तशा. तिसरी तिच्या नवऱ्याची, हाजीची. संघाचा रिवाज साधा होता: कचेरीच्या काठीवर लाल कापड दिसलं तर परत फिरायचं, नसेल तर खुशाल जायचं. आज काठी रिकामी होती, आणि पलीकडे बेटावर वारा आहे की नाही हे सौमूलाच ठाऊक नव्हतं. उगाच कापड चढवायची सोय नव्हती. गेल्या साली तसं केलं, तर बायका आठवडाभर तिला रिकाम्या टोपल्या दाखवत होत्या.

ओट्यावर मकामे आजोबा जाळं दुरुस्त करत बसले होते. उभा जन्म समुद्रावर गेलेला माणूस.

"आजोबा, बेटाकडे ढग दिसतोय का हो?" तिने आतूनच विचारलं.

आजोबांची सुई चालत राहिली.

"ऐकू येतंय ना?"

येत होतं. सकाळपासून आपण त्यांना नमस्कारच केला नाही, हे तिला एकदम उमगलं आणि लाज वाटली. ती उंबऱ्यात आली, मान लववून थोरांना करायचा नमस्कार केला. "शिकामू, आजोबा."

"मराहाबा, पोरी." नमस्कार स्वीकारला तशी सुई थांबली. "सकाळपासून तीनदा माझ्यासमोरून गेलीस. म्हटलं, आपण आता ओट्याचा दगडच झालो."

"चुकलं. डोकं ठिकाणावर नाही. बेटावरचं यंत्र बोलत नाहीये."

"कधी बसवलेलं ते?"

"माझ्या लग्नाआधी. बारा वर्षं झाली."

"म्हणजे यंत्रांतलं म्हातारंच की. आणि तू उनाड पोरांसारखी 'काय खबर' म्हणत दारात उभी. मान राखल्याशिवाय म्हातारं तोंड उघडतं होय?"

सौमूला हसू आलं नाही. जुन्याला जुन्याच रीतीने हाक मारायला हवी, हे तिच्या ध्यानात आलं. नव्या प्रणालीने ओळख पटवायची जुनी रीत कच्ची म्हणून टाकून दिली होती, आणि बेटावरच्या यंत्राला तेवढी एकच रीत येत होती. तिने आत संगणकापुढे बसून एक ओळ लिहिली: या एकासाठी जुनी रीत चालेल.

दार उघडलं. वाऱ्याचे आकडे पडद्यावर शांतपणे खाली उतरत गेले, आणि प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा होता. बेटावर वादळ पोचलं होतं.

ती धावली. कापड काठीवर चढलं, पण इथे पानही हलत नव्हतं. ते नुसतं लोंबत राहिलं. मग तेलाच्या पिंपावर चढून तिने त्याचं टोक हाताने ताणून धरलं. पहिली होडी वळली. दुसरी वळली. तिसरी बराच वेळ सरळच चालली होती. सौमूने टोक सोडलं नाही. शेवटी तीही वळली.

ओहोटीच्या उलट वल्ही मारून माणसं घामाघूम होऊन काठाला लागली. हाजी गुडघाभर पाण्यातून आला तो तणतणतच.

"समुद्र बघ, दुधासारखा आहे. तुझ्या पडद्याला काय स्वप्न पडलं?"

बाकीचे हसले. सौमूने त्याचं ओलं मनगट घट्ट धरलं.

हसता हसता सगळ्यांच्या माना वर गेल्या. किनाऱ्यावरच्या नारळांच्या झावळ्या वाऱ्याने एकाच बाजूला वाकल्या होत्या, आणि तशाच राहिल्या.