पाठीला न कळणारा स्टोव्ह

“गोकुळ्या, असा स्टोव्ह दे, की पाठीला कळलाच नाही पाहिजे!”

तीन वर्षांपूर्वी, जुन्नरच्या बाजारपेठेतल्या याच दुकानात प्रबुद्ध असं म्हणाला होता. ट्रेकिंगचं सामान विकणाऱ्या गोकुळनं मुठीत मावेल एवढा गॅसचा स्टोव्ह मित्राच्या हातावर ठेवला. महिन्याभरात जीवधन गडाच्या पायथ्याशी, तंबूत, प्रबुद्ध त्या स्टोव्हशेजारी गुदमरून गेला. गॅस कोंडला म्हणे. बायको, ज्योत्स्ना, पाणी आणायला गेली होती, म्हणून वाचली. गळका माल आपल्याच हातून गेला, हे गोकुळनं मनाशी धरलं ते धरलंच.

आज तीच ज्योत्स्ना दुकानाची पायरी चढली.

“जय भीम, वहिनी.” गोकुळ उठून उभा राहिला.

“जय भीम, भाऊ. शाळेच्या आठ मुली घेऊन चाललेय जीवधनला. हलका स्टोव्ह हवाय.”

त्यानं मोठा, बसका स्टोव्ह पुढं सरकवला. “ह्यो न्या. कलंडत न्हाई.”

“वाहायला म्हैस पण देता का सोबत?”

गोकुळला हसू फुटलं नाही.

“ह्यांनी नेला होता, तसलाच द्या,” ती म्हणाली.

“तो ठेवत न्हाई मी आता.”

“मग वरच्या फळीवर काय आहे?”

एक उरला होता. विकवत नव्हता, टाकवतही नव्हता. त्यानं तो खाली काढला. ज्योत्स्नानं गॅसच्या डबीवर तो फिरवून बसवला, गळतंय का ते बघायला साबणाचं पाणी मागून सांध्यावर लावलं आणि खाली वाकून बघत राहिली. गोकुळही वाकला. बुडबुडा यावा, असं त्याला वाटत होतं. येऊ नये, असंही.

एकही आला नाही. तिनं काडी ओढली. निळी ज्योत उमलली, जवसाच्या फुलासारखी.

“बंद करा, वहिनी!” तो एकदम ओरडला. “मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या. पण पोरींच्या हातात ह्यो देऊ नका. माझ्याच स्टोव्हनं नेला त्याला.”

तिनं चावी फिरवली. ज्योत गेली, तरी ती तिथंच बघत होती.

“स्टोव्ह चांगलाच होता, भाऊ. त्यांना ताप होता. काढा करायला आतच पेटवला.” तिनं स्टोव्ह डबीवरून फिरवून काढला. “पाण्याला जाताना तंबूची चेन मी ओढून घेतली. बाहेरून. त्यांना गार वारा लागू नये म्हणून.”